कुत्र्याला घेऊन कोकणात कॅम्पिंगला जायचंय? तंबू बांधण्याआधी हे वाचा

थंडी सुरू झाली की नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर या किनाऱ्यांवरच्या तंबूंचे रील्स फीडमध्ये दिसायला लागतात. त्यात हल्ली एखादा लॅब्रॅडॉर किंवा इंडी हमखास लाटांमध्ये धावताना दिसतो. पण रीलमध्ये न दिसणाऱ्याही बऱ्याच गोष्टी असतात. त्या समजून घेऊया.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. कुत्र्यांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतात. त्यामुळे मार्चनंतरच्या दमट उकाड्यात उष्माघाताचा धोका वाढतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तो आणखी जास्त असतो. पावसाळ्यात खवळलेला समुद्र, गोचिडी आणि लेप्टोस्पायरोसिस, या तिन्ही कारणांमुळे बेत टाळलेलाच बरा.

जायचं कसं?

स्वतःची गाडी सोयीची. घाटात उलटी होऊ नये म्हणून निघण्याच्या तीन-चार तास आधी जेवण द्या आणि दर दोन तासांनी थांबा. मुंबईकरांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोचा पर्याय आहे. प्राण्यांसाठीचं तिकीट आणि नियम बुकिंग करतानाच बघा. रेल्वेने जायचं असेल तर कुत्र्याला सोबत बसवण्यासाठी एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागते.

कॅम्पवाल्याला काय विचारावं?

‘पेट फ्रेंडली’ या शब्दावर थांबू नका. फोन करून हे विचारा:

- कुत्रा तंबूत झोपलेला चालेल की बाहेर बांधावा लागेल?
- आवाराला कुंपण आहे का?
- त्या दिवशी आणखी कुत्री येणार आहेत का?
- रात्री उशिरापर्यंत स्पीकर सुरू असतो का?
- सगळ्यात जवळचा पशुवैद्य किती लांब आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. छोट्या गावांत रात्री डॉक्टर मिळणं अवघड असतं. सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पण ही सेवा प्रामुख्याने गुराढोरांसाठी असल्याने खासगी पशुवैद्याचाही नंबर जवळ ठेवा.

तंबू कुठे लावावा?

किनाऱ्यालगतच्या वाड्या खासगी असतात, त्यामुळे मालकाची परवानगी घ्या. नारळाच्या झाडाखाली तंबू नको. नारळ किंवा झावळी पडली तर गंभीर इजा होऊ शकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, म्हणून वाळूवरच्या भरतीच्या खुणेपासून बरंच मागे राहा.

कोकणात बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं भक्ष्य आहे. फुरसं, घोणस यांसारखे विषारी सापही आहेत. म्हणून रात्री कुत्रा तंबूतच हवा आणि लघवीला नेतानाही पट्टा आणि टॉर्च सोबत हवा. काशीदजवळच्या फणसाड अभयारण्यात कुत्र्याला नेण्याचा बेत करू नका.

किनाऱ्यावर काय सांभाळावं?

- तापलेली वाळू: हाताची मागची बाजू सात सेकंद वाळूवर ठेवा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही.
- खारं पाणी: ते जास्त पोटात गेलं तर उलट्या, जुलाब आणि झटकेही येऊ शकतात. गोडं पाणी सतत पाजत राहा.
- मेलेले मासे: त्यात गळ अडकलेला असू शकतो. पफर फिशसारखे काही मासे तर जीवघेणे विषारी असतात.
- बार्बेक्यू: कांदा आणि शिजवलेली हाडं कुत्र्याला देऊ नका.

कासवांचं काय?

वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चदरम्यान अंडी घालतात. म्हणजे नेमका कॅम्पिंगचाच हंगाम. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. कुत्री वास काढून ही घरटी उकरतात. गावातले कासवमित्र पहाटे फिरून अंडी शोधतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे अशा किनाऱ्यांवर संध्याकाळनंतर आणि पहाटे कुत्र्याला मोकळं सोडू नका. हॅचरीपासून तर लांबच ठेवा.

बॅगेत काय हवं?

रेबीज आणि लेप्टोच्या लसीची नोंद असलेलं लसीकरण कार्ड, गोचिडीचं औषध (निघण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने लावलेलं), तुमचा मोबाईल नंबर लिहिलेला पट्टा, नेहमीचं खाणं, पाणी, जुनी चादर, प्रथमोपचाराचं सामान आणि शी उचलायच्या पिशव्या.

या पिशव्या विसरू नका. ज्या वाळूवर तुम्ही दोन दिवस राहता, तिथेच गावातल्या बायका मासळी वाळत घालतात आणि मुलं खेळतात. पुढच्या वेळी त्या गावात कुत्र्यांना येऊ द्यायचं की नाही, हे तुम्ही मागे काय ठेवून गेलात यावरच ठरतं.