इंदूरचा बीआरटीएस: बसची लेन आली कशी, गेली कशी

बीआरटीएस म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली लेन. इंदुरात एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा पट्टा मे 2013मध्ये सुरू झाला. त्यावर धावायची ती आयबस.

हिशेब सोपा होता. एका बसमध्ये साठेक माणसं मावतात. तीच कारने निघाली, तर चाळीसेक गाड्या रस्त्यावर येतात. पण जाममध्ये अडकलेल्या कारवाल्याला शेजारची लेन रिकामीच दिसते. बस अडकत नाही, भुर्रकन निघून जाते, म्हणून ती रिकामी! 'जागा वाया जाते' ही ओरड तिथूनच सुरू झाली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. नोव्हेंबर 2024मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी बीआरटीएस काढण्याची घोषणा केली. फेब्रुवारी 2025मध्ये हायकोर्टाने मंजुरी दिली. दिल्ली आणि भोपाळने आपापले पट्टे त्याआधीच उखडले होते. अहमदाबादचा मात्र चालतोय.

दोष आखणीतही होतेच. स्टॉप मधोमध, त्यामुळे बस पकडायला चालत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडावा लागे. राजवाडा, सराफा या जुन्या गर्दीच्या भागाला हा पट्टा शिवतही नव्हता.

वेगळी लेन गेली की बस कारच्याच रांगेत उभी राहते. मग वेळेवर पोचायचं असलेला माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि त्याच रांगेत एक गाडी वाढते.