समुद्रजलाची लवणता आणि 'चॅलेंजर'चे ७७ नमुने

समुद्राचे पाणी आटवून उरलेले मीठ तोलले की त्याची लवणता कळेल, अशी समजूत सहज होते. परंतु हा मार्ग रसायनशास्त्रज्ञास मोकळा नाही. पाणी पूर्ण कोरडे करू जाता मॅग्नेशियम क्लोराइडातून हायड्रोक्लोरिक आम्ल व बायकार्बोनेटांतून कार्बन डायॉक्साइड उडून जातो. तराजूत जे उरते ते मूळचे द्रव्य नव्हे.

निरनिराळ्या समुद्रांतील लवणांचे परस्पर प्रमाण एकच असावे, असे मार्सेट याने १८१९ मध्ये सुचविले होते. फोर्कहॅमर याने १८६५ मध्ये शेकडो विश्लेषणांच्या आधारे त्यास बळकटी दिली. तथापि त्याचे नमुने बहुतांशी पृष्ठभागाचे होते. खोल पाण्याविषयी निर्णय व्हावयाचा होता. तो डिसेंबर १८७२ ते मे १८७६ या काळात समुद्रपर्यटन केलेल्या ब्रिटिश जहाज 'चॅलेंजर'मुळे झाला. जहाजावर ब्यूकॅनन हा रसायनज्ञ होता. परंतु संपूर्ण विश्लेषणाचे काम ग्लासगो येथे डिटमार याने ७७ नमुन्यांवर केले व १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. एकूण लवण कमीअधिक असले तरी घटकांची प्रमाणे जवळजवळ स्थिर आहेत, हे त्याने सिद्ध केले. मग एकट्या क्लोरीनचे सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन केले की पुरे. विसाव्या शतकाच्या आरंभी नुडसेन याने सिद्ध केलेली कोष्टके याच तत्त्वावर उभी होती. तेव्हापासून 'लवणता' हा शब्द तोललेल्या मिठाचा वाचक राहिला नाही, तो एक संकेत झाला. १९७८ च्या प्रमाणानुसार तर ती विद्युत्‌वाहकतेवरून ठरू लागली.

डिटमारच्या आकड्यांत एक लहानसा अपवाद होता : खोल पाण्यात कॅल्शियम किंचित अधिक आढळे. वर तयार झालेली चुनखडी कवचे खाली जाऊन विरघळतात, हे त्याचे कारण. स्थिर प्रमाणाचा नियम जीवसृष्टी जेथे हात घालते तेथे ढळतो. फॉस्फेट व नायट्रेट या पोषकद्रव्यांना तर तो मुळीच लागू नाही. अॅटकिन्स याने १९२० नंतरच्या दशकात इंग्लिश खाडीत फॉस्फेट ऋतूऋतूंत मोजले. हिवाळ्यात साचलेले फॉस्फेट वसंतात डायाटम वनस्पती वाढू लागताच झपाट्याने घटते, असे दिसून आले. हा हिशेब ग्लासगोस पोचलेल्या बाटल्यांत सापडणे कठीणच होते. साठविलेल्या पाण्यातही सूक्ष्मजीव जिवंत असतात, आणि नमुना किनाऱ्यास लागेपर्यंत ते फॉस्फेटचे प्रमाण बदलून टाकतात. पोषकद्रव्यांचे मापन शक्यतो जहाजावरच, पाणी काढताच करावे लागते ते याकरिता.