‘उरलेल्यां’चे हजारे

क्रिकेटचा नादी प्रेक्षक आपल्या पक्षपातास रसिकता म्हणतो; परंतु मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचा इतिहास पाहतां ती पुष्कळदां जातिनिष्ठाच होती असें दिसतें. तेथें हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे वेगवेगळे संघ. १९३७ पासून ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा, पांचवा. वसईजवळच्या सांडोरसारख्या गांवांतील मराठी ख्रिस्ती मनुष्यानें आपला म्हणावा असा संघ हाच. काय हें नांव!

१९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघानें ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत मर्चंट नाबाद २५०. रेस्ट संघ १३३ धावांत कोसळला व त्याजवर लगेच पुन्हां खेळण्याची पाळी आली. तेव्हां सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे उभे राहिले. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धावांची भागी केली; तींत विवेक यांच्या धावा अवघ्या २१! एकूण ३८७ पैकीं हजारे यांच्या ३०९. तरीहि हिंदु संघ एक डाव व ६१ धावांनीं जिंकला.

१९४६ सालीं हे सामने बंद पडले. ज्यांच्या बळीची वाट पाहणें हेंच हिंदु पक्षपात्याचें त्या दिवशींचें कर्तव्य होतें, त्याच हजारे यांच्या नेतृत्वाखालीं १९५२ सालीं मद्रासेस भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला.