डिकीवरची अक्षरं आणि बोरघाट



लोणावळ्यात इतिहासावर व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांना कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर यांची अपेक्षा असते. आज त्यातलं काहीच नाही. आजचा विषय आहे मोटारींच्या डिकीवर लावलेली दोन-तीन अक्षरं. जीटी, टी-जेट, एन लाइन, अमुक एडिशन, तमुक लिमिटेड एडिशन. ही अक्षरं आली कुठून, त्यांचा अर्थ काय होता आणि तो कसा बदलत गेला, एवढंच बोलायचं आहे. यातल्या बऱ्याचशा गाड्या आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार झाल्या, आणि शनिवार-रविवारी त्या इथूनच घाट चढून जातात.

विषय सुचला तो माझ्या भाच्यामुळे. त्याला जुनी, पण जरा जोरकस गाडी घ्यायची होती. एक हॅचबॅक पाहून आला आणि फोन केला, "मामा, साधी नाहीये, वरच्या इंजिनाची आहे. डिकीवर लिहिलंय. म्हणून साठ हजार जास्त मागतोय." मी म्हटलं, डिकी नंतर बघू, आधी आरसी बुक बघ. बघितलं, तर गाडी सगळ्यात साधी निघाली. अक्षरं कुणीतरी बाजारातून आणून चिकटवलेली. तीन अक्षरांचे साठ हजार, म्हणजे एका अक्षराचे वीस हजार! त्या दिवसापासून मी या अक्षरांच्या मागे लागलो.

घाट कशाला विचारतो?

सुरुवात घाटापासून करू. बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी नीट रस्ता खुला झाला १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. आजही कर्जतला कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात आणि सुटतात. हे आपण लहानपणापासून बघतो. डब्यांना नवा रंग दिला म्हणून गाडी घाट चढली, असं कधी झालेलं नाही. चढायला मागून जोर लागतो.

मोटारीचंही तसंच. ब्रोशरमध्ये दोन आकडे असतात. एक अश्वशक्ती, दुसरा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. सपाट एक्स्प्रेसवेवर फरक फारसा कळत नाही. खंडाळ्याच्या चढावर, चार माणसं, सामान आणि एसी सुरू असताना पुढे ट्रक आला की कळतो. आणि उतरताना कळतात ते ब्रेक. म्हणून घाटाला मी या विषयातला परीक्षक मानतो. घाटात शर्यती करा असं मी सांगत नाहीये, कृपा करून करू नका. चढ-उतार स्टिकर वाचत नाहीत, एवढंच सांगतोय.

किमान आणि कमाल

आता दोन शब्द वेगळे करू. व्हेरियंट म्हणजे एकाच गाडीच्या पायऱ्या. खालची साधी, वरची सोयींनी भरलेली. एडिशन म्हणजे ठरावीक काळापुरती किंवा ठरावीक संख्येत काढलेली गाडी.

ही मर्यादित संख्या मुळात आली शर्यतीच्या नियमांतून. युरोपात काही प्रकारच्या शर्यतींत गाडी उतरवायची, तर ती आधी सामान्य गिऱ्हाइकाला विकलेली असली पाहिजे, आणि तीही अमुक इतक्या संख्येनं, असा नियम होता. फोक्सवॅगननं १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दाखवली, तेव्हा अशाच हिशेबानं ५,००० गाड्या करायचं ठरलं होतं. लोकांनी ती इतकी उचलून धरली की पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गाड्या खपल्या.

यातली गंमत लक्षात घ्या. तेव्हाचा आकडा किमान होता. इतक्या तरी कराच, नाहीतर शर्यतीत प्रवेश नाही. आज लिमिटेड एडिशनचा आकडा कमाल असतो. इतक्याच करणार, लवकर बुक करा. संख्या तीच, पण तिचं काम उलटं झालं. पूर्वी ती गाडीच्या अंगच्या गुणाची खूण होती, आता टंचाईची झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

कुर्ला: नाव बदललं, गाडी तीच

आपल्याकडे सुरुवात निराळी झाली. परवान्यांच्या काळात निवड अशी नव्हतीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनत होती. १९७० च्या दशकात ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. ज्या देशात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं, तिथे गिऱ्हाईक व्हेरियंट विचारत नव्हतं, गाडी कधी मिळणार ते विचारत होतं. आणि घाटात? बॉनेट उघडून, कॅनमधलं पाणी हातात घेऊन कडेला उभं राहणं हा प्रवासाचाच भाग होता. आमच्या घरच्या गाडीनं मला खंडाळा जितका दाखवला, तितका कुठल्याही सहलीनं दाखवला नाही.

मग २००१ साली त्याच कुर्ल्यातून फियाट पॅलिओ आली. हिच्या पायऱ्यांना मात्र अर्थ होता. साध्या पॅलिओत १.२ लिटरचं इंजिन, तर १.६ जीटीएक्समध्ये जवळपास १०० अश्वशक्तीचं. त्या काळात छोट्या गाडीत १०० अश्वशक्ती ही चैनच होती. पुढच्याच वर्षी एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला, हा योगही जुळून आला.

या जीटीएक्सवर एक खास आवृत्ती निघाली, एस-१०. एस म्हणजे सचिन, दहा म्हणजे त्याच्या जर्सीचा नंबर. संख्या ५००, आणि गाडीवर सचिन तेंडुलकरची सही. इंजिन जीटीएक्सचंच. म्हणजे एस-१० घेणाऱ्याला दोन गोष्टी मिळत होत्या: मुळातलं खरं इंजिन आणि वरची सही. सहीनं गाडी जोरात पळत नाही, पण जी सही आहे ती पळणाऱ्या गाडीवर आहे. हा सौदा मला प्रामाणिक वाटतो.

रांजणगाव: एक इंजिन, चार स्वभाव

पुढे फियाटचं काम शिरूर तालुक्यात रांजणगावला आलं. तिथल्या १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिनाची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. २०१० साली लिनिया टी-जेटमध्ये ते आलं, ११४ अश्वशक्तीचं. पुढे लिनिया १२५ एसमध्ये तेच १२५ चं झालं. अव्हेंचुरामध्ये ‘पॉवर्ड बाय अबार्थ’ अशी पाटी लावून १४० च्या आसपास गेलं. आणि २०१५ साली अबार्थ पुंटोमध्ये १४५ वर पोचलं. घनफळ चारही ठिकाणी तेच, १३६८ सीसी. टर्बो हवा किती दाबानं भरतो आणि इंजिनाचा संगणक इंधन कसं सोडतो, यावर स्वभाव बदलत गेला.

अबार्थ हे नाव कार्लो अबार्थचं. त्यानं १९४९ साली कंपनी काढली, स्वतःच्या राशीवरून विंचू हे चिन्ह घेतलं. १९७१ मध्ये ती फियाटकडे गेली. विंचवाचं चिन्ह पुंटोवर लावताना नुसतं चिन्ह लावलं नाही. गाडी खाली बसवली, सस्पेन्शन कडक केलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. किंमत दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. ब्रेककडे लक्ष द्या. अश्वशक्ती वाढवून ब्रेक तसेच ठेवले, तर ते अर्धंच काम. चढाची तयारी झाली, उताराची राहिली.

आता इथे एक खाच आहे. साध्या पेट्रोल पुंटोचं इंजिनही १३६८ सीसीचंच, पण ९० अश्वशक्तीचं. म्हणजे आरसीवर नुसता सीसीचा आकडा बघाल तर फसाल. मॉडेलच्या रकान्यात व्हेरियंटचं नाव काय आहे ते बघायचं.

चाकण: जीटीचा प्रवास

तळेगावहून चाकणच्या रस्त्याला लागलं की फोक्सवॅगनचा कारखाना. २००९ साली सुरू झाला. इथली पोलो जीटी टीएसआय आली २०१३ मध्ये. साध्या पेट्रोल पोलोत १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन. जीटीतही १.२ लिटरच, पण चार सिलिंडर, टर्बो आणि १०५ अश्वशक्ती, सोबत सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. एक ११९८ सीसी, दुसरं ११९७. दोन्ही बाराशेच्या आत, कारण चार मीटरच्या आतल्या आणि बाराशेच्या आतल्या पेट्रोल गाडीला कर कमी. फरक ओळखायचा तो आरसीवरच्या सिलिंडरच्या आकड्यावरून: तीन की चार.

म्हणजे २०१३ मध्ये जीटीचा अर्थ स्पष्ट होता: वेगळं इंजिन. २०२० मध्ये नवे प्रदूषण नियम आले, पोलोला १.० लिटरचं ११० अश्वशक्तीचं टर्बो इंजिन मिळालं. पण तेच इंजिन हायलाइन प्लस या व्हेरियंटमध्ये मॅन्युअल गिअरसह मिळू लागलं. जीटीकडे उरला तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि वेष. २०२२ मध्ये पोलो बंद होताना लेजंड एडिशन निघाली, ७०० गाड्यांची. तिच्यात लेजंडची पाटी आणि बाजूची नक्षी होती, यंत्रात बदल नव्हता. बारा वर्षांच्या गाडीला निरोप म्हणून ती ज्यांनी घेतली, त्यांना मी नावं ठेवणार नाही. आठवणीलाही किंमत असते. फक्त ती आठवणीची किंमत आहे, हे घेताना ठाऊक असावं.

याच्या उलट टोकाला २०१६ ची पोलो जीटीआय. तीन दारांची, १९२ अश्वशक्तीची, बाहेरून आणलेली आणि आपल्यासाठी फक्त ९९. आधी किंमत २५ लाखांच्या वर होती, पुढे २० लाखांच्या आत आणावी लागली. म्हणजे खरं यंत्र आणि खरी टंचाई दोन्ही असूनही गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही.

आणि अलीकडचं उदाहरण घ्या. व्हर्टस जीटी म्हणजे १.५ लिटर, १५० अश्वशक्ती. २०२४ मध्ये आली व्हर्टस जीटी लाइन. वेष जीटीसारखा, इंजिन १.० लिटरचं, ११५ अश्वशक्तीचं. ‘लाइन’ हा एक शब्द जोडला आणि ३५ अश्वशक्ती गेली. कंपनीनं लपवलेलं काही नाही, ब्रोशरमध्ये सगळं छापलेलं आहे. पण जुन्या बाजारात दहा वर्षांनी तो एक शब्द गळून पडेल, आणि कुणाचा तरी भाचा साठ हजार जास्त द्यायला निघेल.

तळेगाव: आपल्या मावळात

शेवटी मावळात येऊ. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. शेवरोलेची बीट आणि सेल इथे बनत. या गाड्यांची मँचेस्टर युनायटेड एडिशनही निघाली होती, फुटबॉल क्लबचं चिन्ह लावून. इंजिन नेहमीचंच. इंग्लंडमधल्या क्लबचं चिन्ह मावळातल्या गाडीवर! २०१७ मध्ये कंपनीनं भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये कारखानाही बंद झाला. हजाराहून अधिक कामगारांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला. चिन्हं लावल्यानं गाडी चढत नाही, तसा कारखानाही तगत नाही.

तोच कारखाना पुढे ह्युंदाईनं घेतला, आणि २०२५ च्या अखेरीस नवी व्हेन्यू तिथून बाहेर पडू लागली. व्हेन्यूला एन लाइन नावाचा प्रकार आहे. एन म्हणजे कोरियातलं नामयांग संशोधन केंद्र आणि जर्मनीतला न्यूर्बर्गरिंगचा ट्रॅक. पण एन वेगळी, एन लाइन वेगळी. युरोपातली आय-२० एन २०४ अश्वशक्तीची, आपल्याकडची आय-२० एन लाइन १२० ची. व्हेन्यू एन लाइनचं इंजिनही साध्या टर्बो व्हेन्यूचंच. मात्र सस्पेन्शन, स्टिअरिंग, एक्झॉस्ट यांवर काम केलेलं असतं. म्हणजे ही मधली पायरी: निव्वळ स्टिकरही नाही आणि वेगळं यंत्रही नाही.

मंडळी, सारांश सोपा आहे. कुठलीही खास गाडी समोर आली की तीन प्रश्न विचारा. इंजिनाची अश्वशक्ती आणि टॉर्क साध्या गाडीपेक्षा वेगळे आहेत का? ब्रेक आणि सस्पेन्शन बदललंय का? आणि हे सगळं आरसीवर दिसतंय, की फक्त डिकीवर? तिन्हींचं उत्तर हो आलं, तर पैसे यंत्राचे आहेत. एखाद-दुसरं हो आलं, तर तेवढ्याचेच द्या. एकही आलं नाही, तर पैसे अक्षरांचे आहेत. द्यायला हरकत नाही, पण अक्षरांचे म्हणून द्या.

माझ्या भाच्यानं शेवटी तीच साधी गाडी घेतली, साध्याच भावात, आणि अक्षरं काढून टाकली. परवा घाट चढून मला न्यायला आला होता. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, पण न थांबता.