जिझेलची क्षमा

२८ जून १८४१ या दिवशी पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘जिझेल’ हे बॅले प्रथम रंगमंचावर आले. मूळ कल्पना एका कवीची. तेओफिल गोतिए याने हाइन्रिश हाइने या जर्मन कवीच्या लेखनात ‘विलीं’विषयी वाचले होते. लग्नाआधीच मेलेल्या मुलींचे हे आत्मे रात्री रानात नाचतात आणि तावडीत सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. आपल्याकडच्या हडळीची ही लांबची बहीणच म्हणा ना!

गोष्ट साधी आहे. जिझेल ही खेड्यातली पोर. अल्ब्रेख्त नावाचा सरदार गावकऱ्याचा वेष घेऊन तिच्यावर प्रेम करतो. त्याचे लग्न बातिल्ड या सरदारकन्येशी आधीच ठरलेले असते. हे उघड होताच जिझेल भ्रमिष्ट होते आणि मरते. दुसऱ्या अंकात विली त्याला मृत्यूची शिक्षा देतात. पण स्वतः विली झालेली जिझेल पहाटेपर्यंत त्याला सांभाळते, वाचवते.

आजच्या प्रेक्षकाला प्रश्न पडतो तो इथेच. फसवणाऱ्या सरदाराला गरिबाच्या मुलीने का वाचवायचे?

‘मूळ बॅलेत आहे तसेच करा’ असे म्हणणे सोपे आहे. पण मूळ म्हणजे कोणते? १८६८ नंतर पॅरिसमध्ये ‘जिझेल’चे प्रयोग थांबले. ते जगले रशियात. तिथे मारियुस पेतिपा याने त्यातली नृत्ये नव्याने बसवली. १९१० साली रशियन नर्तकांनीच ते पॅरिसला परत आणले. पुढे निकोलाय सर्गेयेव याने रशियातून आणलेल्या नृत्यलेखनाच्या वह्यांवरून १९३४ साली लंडनमध्ये ते उभे राहिले. या प्रवासात शेवटही बदलला. १८४१ च्या संहितेत जिझेल जाता जाता अल्ब्रेख्तला बातिल्डकडे बोट दाखवते, तिच्याकडे जा म्हणते. नंतरच्या प्रयोगांत बातिल्ड गळाली आणि तो एकटाच रडत उरला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, तीही दुरुस्त्यांचीच वही आहे.

नव्या मंडळींनी या वहीत आपापली पाने जोडली. स्वीडनच्या मॅट्स एकने १९८२ साली दुसरा अंक थेट मनोरुग्णालयात नेला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने पावले जुनीच ठेवली, पण कथा लुइझियानातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या समाजात आणली. तिथे माणसाची प्रतिष्ठा त्याचे घराणे गुलामीपासून किती पिढ्या दूर आहे यावर मोजली जाई.

२०१६ साली अक्रम खानने इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी वेगळीच ‘जिझेल’ रचली. बांगलादेशी कुटुंबातला, लंडनमध्ये वाढलेला हा कलावंत कथक शिकलेला. त्याची जिझेल बंद पडलेल्या कापड कारखान्यातली स्थलांतरित कामगार आहे. मालक आणि मजूर यांच्यामध्ये एक प्रचंड भिंत आहे. त्याच्या विली म्हणजे कारखान्यात मेलेल्या बायका. त्यांच्या हातात काठ्या आहेत. तरीही त्याची जिझेल क्षमा करते. दक्षिण आफ्रिकेच्या दादा मासिलो हिने मात्र २०१७ मध्ये क्षमाच नाकारली. तिची जिझेल अल्ब्रेख्तचा जीव घेते.

यातले बरोबर कोण? मला वाटते, क्षमा ठेवावी की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की गुन्हा प्रेक्षकाला दिसला का? अल्ब्रेख्तला नुसता प्रेमवेडा तरुण करून टाकले, तर जिझेलच्या क्षमेला किंमतच उरत नाही. ती भोळी ठरते, एवढेच. पण तो वेष बदलू शकतो आणि ती बदलू शकत नाही, हे पहिल्या अंकात नीट दाखवले, तर दुसऱ्या अंकातला तिचा निर्णय हा तिचा स्वतःचा निर्णय होतो. मिर्ता या विलींच्या राणीसमोर ती उभी राहते तेव्हा हुकूम मोडणारी तीच असते. आयुष्यात जिचे काही चालले नाही, तिचे मेल्यावर चालते. मग प्रयोग पांढऱ्या झग्यांत असो की मजुरांच्या कपड्यांत, शेवटी वाचलेल्या माणसाने मान खाली घातलेली दिसली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)