एका ओबोलसाठी: अथेन्सच्या परिषदेपुढील अपंग कारागीर

१/ अथेन्समध्ये ‘तीस जुलमी’ सत्ताधीशांची राजवट इसवी सन पूर्व ४०३ मध्ये कोसळली. त्यानंतरच्या काळातील एक भाषण उपलब्ध आहे. पाचशे सभासदांच्या परिषदेपुढे एक अपंग कारागीर आपले निर्वाहवेतन वाचवण्यासाठी बोलतो आहे. हा धडधाकट आहे, याला सरकारी मदत नको, अशी हरकत एका नागरिकाने घेतली होती.

२/ रक्कम होती रोज एक ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. कुशल बांधकाम कारागिराची रोजची मजुरी सुमारे तेवढी असे.

३/ युद्धात अपंग झालेल्यांना सरकारी खर्चाने पोसण्याच्या कायद्याचे श्रेय प्लूटार्क पेइसिस्ट्राटसला देतो. ॲरिस्टॉटलच्या नावावरील ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात पुढील काळातील अटी सापडतात: मालमत्ता तीन मिनांहून, म्हणजे ३०० द्राख्मांहून कमी हवी आणि शरीर काम करता न येण्याइतके अधू हवे. पडताळणी परिषद करी.

४/ भाषण लिसियास या व्यावसायिक भाषणलेखकाच्या नावावर आहे. इतक्या गरीब माणसाला तो परवडला कसा, ही शंका रास्तच; हे भाषण म्हणजे केवळ लेखनाचा नमुना असावा, असे काही अभ्यासक मानतात.

५/ पहिला आक्षेप घोड्याचा. हा घोड्यावर बसतो, मग अपंग कसा? कारागीर उत्तरतो की घोडा मागून आणलेला आहे. पैसा असता तर खोगीर घातलेल्या खेचरावरून आरामात फिरलो असतो. इतर जण एक काठी वापरतात, मला दोन लागतात. मग त्या काठ्याही सुदृढपणाचा पुरावा ठरवणार काय? आणि सुदृढच असेन, तर आर्खोन निवडण्याच्या सोडतीत मला बसू द्या!

६/ दुसरा आक्षेप धंद्याचा. धंदा आहे, पण मिळकत तुटपुंजी. तो स्वतःलाच झेपेनासा झालेला आणि सांभाळायला गुलाम विकत घेण्याची ऐपत नाही. वडिलांनी काही मागे ठेवले नाही, मूलबाळ नाही, आईला दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यानेच पोसले. तरुण आणि सशक्त असताना जे दिलेत, ते म्हातारपणी काढून घेऊ नका, अशी त्याची विनवणी आहे.

७/ खरी गोम पुढे आहे. दुकानात वाईट लोक जमतात, स्वभाव उद्दाम आहे, असेही आरोप होते. वरील अटींत स्वभावाचा उल्लेखही नाही. तरीही त्याला सांगावे लागते की अत्तरवाला, न्हावी, चांभार यांच्या दुकानांतही माणसे जमतातच. जुलमी राजवटीत आपण लोकशाहीवाद्यांबरोबर खाल्किसला पळून गेलो होतो. गरीब आणि अधू असणे पुरेसे नव्हते; सज्जन आणि राजनिष्ठही दिसावे लागे.

८/ परिषदेचा निर्णय नोंदलेला नाही. त्या कारागिराचे नावही नाही. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत ही रक्कम रोज दोन ओबोल झाली होती.