रिग्ली फील्डची पहिली रात्र

शिकागोच्या रिग्ली फील्डवर दिवे कधी लागले, हे तिथल्या कुठल्याही बेसबॉलवेड्या माणसाला विचारा. तो न अडखळता तारीख सांगेल : 8 ऑगस्ट 1988. सगळे आठच आठ, त्यामुळे विसरायलाही अवघड. त्या रात्री जेमतेम साडेतीन डाव झाले आणि असा काही पाऊस आला की सामना सोडून द्यावा लागला. पहिला पुरा सामना झाला तो दुसऱ्या दिवशी, 9 तारखेला. हे सगळं खरं आहे. फक्त त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, 1 जुलै 1943 च्या रात्री, याच मैदानात तात्पुरते दिवे लावून खेळ झाला होता. आणि खेळणाऱ्या सगळ्या बायका होत्या.

हे मला कळायचं काही कारण नव्हतं. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा कुठलातरी लांबचा चुलतभाऊ, एवढंच माझं ज्ञान. पण आम्ही चौघी मैत्रिणी, बेळगावात एकाच वर्गात इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या, गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेला गेलो. एक शहापुरातच राहते, एक लग्न होऊन हुबळीला गेली, एक इंदूरला. इंदूरवालीची लेक शिकागोजवळ नोकरीला आहे. तिनं चार दिवस रजा काढली आणि म्हणाली, "मावशी, नायगारा काय, सगळेच बघतात. मी तुम्हाला बेसबॉलची मैदानं दाखवते."

"मैदानात काय बघायचं गं? गवत?" हुबळीवाली म्हणाली.

"एवढं लांब आलोय तर गवत तरी बघूया की," शहापूरची म्हणाली आणि दशम्या बांधायला लागली.

रिग्ली फील्ड 1914 सालचं. बॉस्टनचं फेनवे पार्क 1912 चं, त्यानंतर मोठ्या संघांच्या मैदानांत हेच सगळ्यात जुनं. भर वस्तीत आहे. समोरच्या घरांच्या गच्च्यांवर बसूनही लोक सामना बघतात. मैदानाच्या टोकाला विटांची भिंत, तिच्यावर 1937 साली लावलेली हिरवीगार वेल, आणि तेव्हाचाच धावफलक, ज्याचे आकडे आजही आत बसलेली माणसं हातानं बदलतात. दुपारी 1 वाजून 20 मिनिटांचा सामना होता. म्हणजे दिवस मावळायच्या आत खेळही संपणार आणि आमचं जेवणही. तिथं खायला जे मिळतं त्यातलं बहुतेक आपल्या कामाचं नाही, पण टरफलासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र पोत्यानं खपतात. दशमी, चटणी आणि शेंगा, आमची तर जत्राच झाली.

लेकीनं चेंडू हातात दिला. चामड्याचा, म्हणून हुबळीवालीनं हात मागे घेतला. त्याच्यावरचे लाल टाके मोजले तर 108 जोडटाके भरतात म्हणे. आणि इथल्या शिकागो कब्ज संघानं 1908 साली विजेतेपद मिळवल्यावर पुढचं थेट 2016 साली मिळवलं, तेही 108 वर्षांनी. "जपमाळ ओढून बसले असतील," शहापूरची म्हणाली.

सातव्या डावात मध्येच सगळं मैदान उभं राहतं आणि एक गाणं गातं. 1908 सालचं गाणं आहे, जॅक नॉरवर्थनं लिहिलेलं. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ. पण पाठ असतं ते फक्त धृपद. मूळ गाण्याची कडवी केटी केसी नावाच्या एका मुलीची आहेत. तिचा मित्र तिला नाटकाला नेऊ म्हणतो, तर ही म्हणते नको, मला बेसबॉलला ने. ही केटी गाण्यातून गळून गेली, धृपद राहिलं. आता ते हजारो पुरुष घसा फोडून गातात, आणि ते एका मुलीचं मागणं आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

बायकांना या मैदानात यायची हौस नव्हती असंही नाही. इथं लेडीज डे असायचा, त्या दिवशी बायकांना फुकट प्रवेश. 27 जून 1930 ला या सवलतीवर तीस हजारांहून जास्त बायका आल्या होत्या. मालकांचा हिशोब साधा होता, बाई आज फुकट आली तर उद्या घर घेऊन तिकिटानं येईल. बाई बघायला आली तर हवीच होती. ती खेळायला आली तर काय करायचं, हा प्रश्न पडला तो युद्धात.

या मैदानाचा मालक फिलिप रिग्ली, च्युइंग गमवाला. बेसबॉल हा उन्हातला खेळ आहे असं त्याचं मत. तरी 1941 च्या शेवटी दिवे बसवायचं सामान त्यानं आणून ठेवलं होतं. तेवढ्यात पर्ल हार्बर झालं, आणि ते सगळं सामान त्यानं युद्धकामाला देऊन टाकलं. मग रिग्ली फील्ड सत्तेचाळीस वर्षं अंधारातच राहिलं. इकडे खेळाडू लष्करात भरती व्हायला लागले. पुरुषांचे सामने बंद पडतील की काय अशी धास्ती होती, तेव्हा रिग्लीनंच 1943 साली मुलींची लीग काढली. त्या मे महिन्यात देशभरातून निवडलेल्या पोरी याच गवतावर आल्या, धावल्या, चेंडू टाकून दाखवला. चार गावांचे चार संघ झाले : रॉकफर्ड, रसीन, केनोशा आणि साउथ बेंड. पगार आठवड्याला 45 ते 85 डॉलर.

आणि आता बघा. दिवसभर सराव करायचा आणि संध्याकाळी हेलेना रुबिनस्टाइनच्या माणसांकडून चालायचं कसं, बसायचं कसं, पावडर-लाली लावायची कशी हे शिकायचं. खेळताना गुडघ्याच्या वर येणारा झगा. ओठांना लाली सदैव हवी. केस आखूड कापायचे नाहीत. चारचौघांत सिगारेट नाही, दारू नाही. कुणाबरोबर फिरायला जायचं, कुठं जेवायचं, कुठं उतरायचं, सगळं संघाबरोबर असलेल्या सोबतिणीला विचारून. नियम मोडला तर पहिल्यांदा 5 डॉलर दंड, दुसऱ्यांदा 10, तिसऱ्यांदा घरी. सिगारेट-दारूच्या नियमाला आम्ही चौघींनी मान डोलावली. पण झग्याचं काय? या खेळात बेस गाठायला जमिनीवर घसरावं लागतं. उघड्या मांड्या मातीवर घासून सोलून निघायच्या. त्या लालभडक जखमांना त्या पोरी स्ट्रॉबेरी म्हणायच्या. खेळ, पण घरंदाज दिसून खेळ, हे आपल्याकडच्या कुठल्या बाईला समजावून सांगावं लागेल?

तरी मला रिग्लीला नुसती नावं ठेवाविशी वाटत नाहीत. त्याला धंदा हवा होता, पोरींना खेळायला मिळालं. दिव्यांची ती रात्रही तशीच. बायकांच्या सैन्यात भरती वाढावी म्हणून कार्यक्रम ठेवलेला, त्यात या लीगमधल्या निवडक मुलींचा सामना. भरतीच्या जाहिरातीचा सामना म्हणून तो मोजायचा नाही, असं कुणी म्हणेल. पण दिवे लागले होते, चेंडू पडत होता, गुण मोजले जात होते. मग ती पहिली रात्र का नव्हे?

दुसऱ्या दिवशी गाडी तळ्याच्या काठाकाठानं उत्तरेला निघाली. तळं म्हणायचं एवढंच, मिशिगन सरोवराला पैलतीर दिसत नाही. केनोशात चहापुरतं थांबलो आणि रसीनला आलो. गावाचं नाव ऐकून काही वाटलं नव्हतं. पण मैदानाची पाटी वाचली आणि चौघीही एकदम हसलो. हॉर्लिक फील्ड! तेच ते हॉर्लिक्स. हॉर्लिक बंधूंनी 1873 साली धंदा सुरू केला तो याच भागात. त्या विल्यम हॉर्लिकच्या नावाचं हे मैदान. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण जी बाटली घेऊन जायचो, आणि रिकामी झाली की जिच्यात हळद-तिखट भरायचो, तिचं माहेर इथं. आणि रसीन बेल्स या मुलींच्या संघाचंही.

1946 साली लीगचा शेवटचा निकाली सामना इथं झाला, रसीन विरुद्ध रॉकफर्ड. नऊ डावांत संपायचा खेळ, तो चौदा डाव चालला, आणि तोवर एकही धाव नाही. रसीनच्या जोअन विंटरनं चौदाही डाव एकटीनं चेंडू टाकला. चौदाव्या डावात सोफी कुरिस बेसवर पोचली, दुसरा बेस तिनं चोरला, आणि सहकारिणीनं मारलेल्या फटक्यावर घसरत घरी आली. 1-0. चेंडू टाकणारीचा डोळा चुकवून पुढचा बेस गाठणं याला त्यांच्यात चोरीच म्हणतात. सोफीनं त्या एका मोसमात 203 वेळा प्रयत्न केला आणि 201 वेळा चोरी साधली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. अचौर्य पाळणाऱ्या आम्ही चौघी तिथं उभं राहून या चोरीचं कौतुक करत होतो!

लीग युद्धानंतरही चालली. 1948 साली दहा संघ होते आणि वर्षभरात नऊ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. पण या सगळ्या वर्षांत, 1943 पासून 1954 पर्यंत, एकाही काळ्या मुलीला कुठल्याच संघात घेतलं नाही. जॅकी रॉबिन्सन 1947 मध्ये पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये आला तरीही नाही. मेमी जॉन्सन नावाची मुलगी निवड-चाचणीला गेली तर तिला खेळूही दिलं नाही, परत पाठवलं. मग ती आणि टोनी स्टोन 1953 साली इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या पुरुषांच्या संघातून खेळल्या. मेमी चणीनं लहान, म्हणून तिचं टोपणनाव पीनट, म्हणजे शेंगदाणा. हे ऐकताना मला आमच्या शेजारच्या धारवाडात जन्मलेले पाळवणकर बाळू आठवले. मैदानात त्यांचा चेंडू हवा होता, पण चहाच्या वेळेला त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. ज्यांना स्वतःला दाराबाहेर ठेवलं होतं त्यांनीही आत आल्यावर दुसऱ्यांसाठी दार लावून घ्यावं, हे मला त्या लीगच्या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचलं.

1952 साली पुरुषांच्या बेसबॉलनं ठराव करून टाकला की बायकांना करारच द्यायचा नाही. दोन वर्षांनी मुलींची लीगही बंद पडली. टेलिव्हिजन आलं होतं, लोक घरात बसून पुरुषांचे सामने बघू लागले होते. सहाशेच्या आसपास बायका खेळून गेल्या होत्या. त्या घरी गेल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी कारखान्यात लागली, कुणी संसारात पडली. आणि पुष्कळजणींनी याबद्दल कुणाला काही सांगितलंच नाही, शेजाऱ्यांना नाही, काहीजणींनी तर मुलांनाही नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या आत्याच्या घरी तांदूळ मोजायला एक पितळी पेला होता. त्याला दोन कान होते म्हणून धरायला सोपा. ती गेल्यावर तो घासताना खालच्या बाजूला कोरलेली अक्षरं दिसली : खो-खो, प्रथम क्रमांक. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्या साडेचार फूट उंचीची, आम्हाला कायम चुलीपुढं बसलेलीच आठवते.

तिकडच्या बायकांनी 1980 नंतर एकमेकींचे पत्ते शोधले आणि 1982 साली शिकागोत पहिला मेळावा भरवला. मग कूपर्सटाउनच्या संग्रहालयाकडे त्यांनी पाठपुरावा केला आणि तिथं बायकांच्या बेसबॉलचं दालन उघडलं, नोव्हेंबर 1988 मध्ये. म्हणजे ज्या वर्षी रिग्लीवर "पहिल्यांदा" दिवे लागले त्याच वर्षी, तीन महिन्यांनी. 1992 मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला, "अ लीग ऑफ देअर ओन". तो आम्ही रसीनच्या मुक्कामी लेकीच्या लॅपटॉपवर पाहिला. बरा आहे.

तिसऱ्या दिवशी रॉकफर्ड. रॉकफर्ड पीचेस हा चार वेळा विजेता झालेला संघ, लीगच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत याच गावात, बायर स्टेडियमवर खेळला. स्टेडियम आता नाही. प्रेक्षकांचे सज्जे पाडून टाकले. उरली आहे ती तिकीट-खिडकीची जुनी लहानशी इमारत, आणि गावातल्या लोकांनी श्रमदानानं पुन्हा आखून काढलेलं मैदान. फाटक नाही, पहारेकरी नाही, तिकीट तर नाहीच. रिग्लीच्या मानानं म्हणाल तर खरोखरच नुसतं गवत.

हुबळीवाली, जी पहिल्या दिवशी गवतावरून बोलली होती, तीच गाडीतून उतरून तरातरा मधोमध गेली. "घर म्हणजे कुठला गं बेस?" तिनं विचारलं. लेकीनं पांढरी पाटी दाखवली. तिथून पहिला बेस आता नव्वद फुटांवर असतो. 1943 साली मुलींसाठी पासष्ट फूट ठेवला होता, पुढं वर्षावर्षानं वाढवत नेला. आम्ही पावलं टाकून मोजला. शहापूरची पोटरी धरून मध्येच बसली. इंदूरवालीनं पदर खोचला आणि लेकीला म्हणाली, "तू वेळ लाव बघू." लेकीनं मोबाइल काढला.

बावीस सेकंद लागले. घसरली नाही, चालतच गेली शेवटी. "झगा असता तर लवकर पोचले असते," म्हणाली.